पळून न गेलेल्या पोरीचं लग्न

आमच्या घरात लग्नाचे फोटो हरवतात, किस्से तेवढे शिल्लक राहतात. त्यातही हजार पत्रावळींच्या लग्नात झाले नाहीत एवढे किस्से माझ्या भाचीच्या, मीनलच्या, दहा माणसांच्या लग्नात झाले! चहा मागवलाच आहे, तर ऐका.

मीनल लातूरला नोकरीला. मुलगा धर्माबादचा, दोन्ही घरांना पसंत. एकदा जेवताना ती म्हणाली, "मांडव नको, डीजे नको. कोर्ट मॅरेज करायचं."

दाजींचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, घास हातातच राहिला.

"मी विरोध केलाच न्हाई की! मग पळून कशाला चालली?"

"पळून नाही बाबा, तुम्हीच यायचंय सोबत."

"बापाला सोबत घेऊन कोण पळतंय?"

दाजी औशात मान सांभाळून राहिलेला माणूस. 'पोरगी पळाली' असं लोक म्हणतील, या एका धास्तीनं त्यांची झोप उडाली.

*

मग त्यांनी स्वतःच खुलासे करत फिरायला सुरुवात केली. कटिंगला बसल्या बसल्या म्हणाले, "आमची पोरगी पळून गेली न्हाई बरं का."

न्हाव्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. कात्री थांबवून तो म्हणाला, "कवा?"

संध्याकाळी शेजारच्या बायका ताईजवळ, म्हणजे मीनलच्या आईजवळ, येऊन गप बसून गेल्या. एकीनं तर दुःखाच्या घरी नेतात तसा पिठलं-भाकरीचा डबा आणला. तो दारात घेतला मीनलनंच. लई चांगलं झालं होतं म्हणे पिठलं!

*

लग्नाच्या दिवशी नोंदणीचे साहेब म्हणाले, "सगळे बसून घ्या." मी मीनलच्या खुर्चीमागं उभाच.

"तुम्ही कोण?"

"मामा."

"मग बसा की."

"साहेब, मामानं नवरीच्या मागं उभंच राहायचं असतं. दुसरं काम काय हाय आम्हाला?"

तेवढ्यात मीनलनं शपथ घेताना नवऱ्याचं नाव उच्चारलं. ताईला वाटलं, लागलं लग्न! पर्समधल्या मूठभर अक्षता थेट साहेबांच्या कीबोर्डवर.

"अहो ताई, सह्या राहिल्यात अजून!"

*

दाजींनी सही केली, पण तोंड पडलेलं. पाहुण्यांच्या मानाचे टॉवेल-टोपी पिशवीभर आणले होते. साहेबांना टोपी घालायला गेले, तर साहेब म्हणाले, "चालत नाही हो आम्हाला." दाजी पिशवी काखेत धरून बाहेर आले. "एक टोपी दिली न्हाई. हे काय लग्न झालं?"

व्हरांड्यात पुढचा नंबर लागलेलं जोडपं उभं होतं. सोबत दोनच मित्र. क्लार्क सांगत होता, "साक्षीदार तीन लागतात. तिसरा नसेल तर उद्या या." पोरगा फोन लावून लावून थकला होता. पोरीचं सगळं लक्ष फाटकाकडं. पळून आलेली, हे सांगायला नको होतं.

मी दाजींचा दंड धरला. "चला दाजी, जेवायला उशीर होतोय." खरं सांगतो, मला भीती वाटली, ते पोरीला काहीतरी बोलतील.

दाजी तिच्यासमोर जाऊन थांबले. "घरचं कोणी न्हाई आलं?"

तिनं पुन्हा एकदा फाटकाकडं बघितलं.

दाजींनी खिशातून आधार कार्ड काढून क्लार्कपुढं ठेवलं. "तिसरा मी."

मग पिशवी उघडली. नवरदेवाला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. दोन्ही मित्रांनाही घातली. क्लार्क नको नको म्हणेपर्यंत त्याच्याही डोक्यावर टोपी!

सगळे आत निघाले. मी दारातच उभा. दाजी मागं वळून माझ्यावर खेकसले,

"पाव्हणं, काय बघत थांबलाव? तिच्या मागं मामा न्हाई!"