सोळा हजारांचा भागाकार

गळीत हंगाम सुरू झाला की वाऱ्यावर मळीचा वास कोल्हारपर्यंत येतो आणि मला कारखान्याच्या फाटकासमोरचं चहाचं दुकान आठवतं. नेपाळमधल्या एका साखर कारखान्याने मला बोलावलं होतं. पत्रात पगार सोळा हजार होता, चलन लिहिलेलं नव्हतं. माझा साडू भास्कर तिथे जाऊन चौकशी करून आला होता, म्हणून त्यालाच विचारलं.

"नेपाळीच की! तिकडं आपलं रुपये कोन देतंय?"

त्यांचे एकशेसाठ म्हणजे आपले शंभर. पाकिटाच्या पाठीवर भागाकार केला. दहा हजार आले. इथे मला अकरा मिळत होते. मी पाकीट त्याच्यापुढे सरकवलं. बशीतला चहा संपवून त्याने पेन्सिल घेतली आणि आकडा न् आकडा तपासला.

"बरोबर हाय. तुमचा हिशोब कदी चुकलाय व्हय, पाव्हनं?"

मी नकार कळवला. महिन्याभराने त्या जागेवर तोच गेला. पगार भारतीय रुपयांतच आहे, हे दिवाळीच्या फराळाला मेहुणी सहज बोलून गेली.

नोकरीचं आता काही वाटत नाही. पण उत्तर खोटं आहे हे ठाऊक असताना तो ओळीने भागाकार तपासत होता, आणि मी त्याचे आभार मानून चहाचे पैसे दिले होते.