सुईत दोरा ओवते, सबब नामंजूर

बर्नादेत फर्नांडिसला मालवणात कोणी मवाळ बाई म्हणून ओळखत नव्हतं. तीस वर्षं तिने ख्रिस्ती मुलींचे लग्नाचे पांढरे झगे शिवले. मापाला आलेली मुलगी पोट आत ओढून उभी राहिली, की ती टेप तशीच धरून म्हणायची, "सोड गो वारो. लग्नाक काय दिवसभर अशीच रवतलंस?" मुलींच्या आया तिला घाबरून असत, पण झगा तिच्याकडचाच हवा असे.

लग्न तिने केलं नाही. आईवडील गेल्यावर इगर्जीमागच्या, म्हणजे चर्चमागच्या वाडीतलं अर्धं घर तिच्या वाट्याला आलं. उरलेलं अर्धं भाऊ विन्सेंटचं, पण तो वास्कोला गोदीत कामाला आणि त्याच्या भागाला कुलूप.

दिवेलागणीनंतर तिला लहानपणापासूनच दिसत नसे. घरात त्याला कोणी आजार म्हटलं नाही. पोर धांदरी आहे, एवढंच म्हणत. चाळिशीनंतर दिवसाउजेडीही ती दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागली, अंगणातल्या मांजरावर पाय देऊ लागली. शेवटी म्हापशाच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरने मशीनवर तपासून सांगितलं, की हा पडद्याचा आजार आहे. नजर कडेकडून आत आत सुकत येते आणि त्यावर औषध नाही. मधलं तेवढं शाबूत होतं. हातभर अंतरावर तिला पेल्याच्या तोंडाएवढं वर्तुळ दिसायचं, तेही लख्ख. समोरच्या माणसाचं नाक दिसलं तर कान दिसत नसत.

त्यामुळे सुईत दोरा ती एका फटक्यात ओवायची, आणि रविवारी इगर्जीत बायबलचं वाचनही न अडखळता करायची. अडचण यायची ती कापड बेतताना. मेजावर चार वार साटीन पसरलं, की तिला त्यातलं तळहाताएवढं दिसे, बाकीचं ती बोटांनी चाचपून ध्यानात ठेवी. हे तिने कोणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकं जातील ही भीती होतीच, पण त्याहून जास्त, लोक कीव करतील याचा तिला संताप होता.

मग अँजेलाच्या लग्नाचा झगा आला. लग्न आठ दिवसांवर असताना बर्नादेतने पुढचा भाग कापला आणि खालच्या थराची घडी कात्रीत आली. कमरेपासून गुडघ्यापर्यंत साटीन उभं चिरलं गेलं. अँजेलाची आई फिलोमिना हिने अंगणात येऊन सगळ्या वाडीला ऐकू जाईल असा आवाज लावला.

"सगळ्यांचे झगे बरे जाले, आणि माझ्याच चेडवाचो फाडलंस? दुसऱ्याचा काम पयला पुरा करूक घाई केलंस, दुसरा काय नाय!"

बर्नादेतने कापड भरून दिलं. पण का फाटलं, ते सांगितलं नाही. त्या दिवशी तिने शिलाई मशीनवर चादर टाकली ती कायमची. पुढच्याच महिन्यात ती पायवाटेवरून व्हाळाच्या पाण्यात कोसळली आणि उजवं मनगट मोडलं. विन्सेंट फोनवर म्हणाला, "मी धाडतंय तुका दर म्हयन्याक." ती म्हणाली, "तुझी पोरां आसत. माका माझा होया." आणि तिने निराधार अनुदानासाठी अर्ज करायचं ठरवलं.

अर्जाला आधी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. तपासणीच्या दिवशी सरकारी दवाखान्यात सकाळपासून रांग होती. तिचा नंबर लागला तेव्हा दुपार झाली होती. तरुण डॉक्टरने तिला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं. तिने एक एक ओळ शोधून काढत शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत बरोबर वाचली.

"नजर चांगली आहे की," डॉक्टर म्हणाला.

"डॉक्टर, मला कडेचं दिसत नाही. हा बघा रिपोर्ट."

"खाजगी रिपोर्ट इथे चालत नाही."

"मग तीच तपासणी तुम्ही करा."

"ते मशीन बंद आहे. पुढचा!"

दाखल्यावर आकडा आला दहा टक्के. अनुदानाला निदान चाळीस लागतात. तरीही तिने दाखल्याला म्हापशाचा रिपोर्ट जोडून अर्ज केला, आणि दीड महिन्याने तालुक्याच्या कचेरीत उत्तर घ्यायला गेली. कारकुनाने कागद काचेखालून सरकवला. तो कुठे आहे हे तिला पटकन दिसलं नाही. हात फिरवून तिने तो उचलला, नाकाजवळ धरला आणि खिडकीतच वाचायला लागली. अपंगत्व चाळीस टक्क्यांहून कमी, इथवर तिला अपेक्षा होती. त्याखाली आणखी एक ओळ होती. 'अर्जदार सुईत दोरा ओवते, चर्चमध्ये जाहीर वाचन करते, असे तक्रारीवरून दिसून येते. अर्जदाराने शासनाची दिशाभूल केली आहे. सबब अर्ज नामंजूर.'

"वाचता येतंय की, बाई," कारकून म्हणाला. मागे रांगेत दोघंतिघं हसली.

बर्नादेतने मान वळवून एकेकाचा चेहरा शोधला. हसणाऱ्यांची तोंडं मिटली. मग ती पुन्हा खिडकीकडे वळली. "तक्रार कोणाची?"

"ते सांगता येणार नाही."

"लेखी मागितलं तर?"

"मागा की. कोण अडवतंय?"

कचेरीसमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सत्यवान परब टाइपरायटर घेऊन बसे. आयुष्यभर सरकारी कारकुनी करून निवृत्त झालेला आणि आता लोकांचे अर्ज लिहून देणारा. माणूस तिरसट. तिने कागद त्याच्यासमोर आपटला तसा तो म्हणाला, "हळू. मेज माझा आसा."

माहितीच्या अधिकारात अर्ज त्यानेच टाइप केला. महिन्याभराने तक्रारीची नक्कल आली. खाली नाव होतं फिलोमिनाचं, सहीसकट.

बर्नादेत तशीच तिच्या घरी गेली. फिलोमिना पडवीत आमसुलं वाळत घालत होती.

"ह्या तू लिवलंस?"

फिलोमिनाने कागदाकडे पाहिलंही नाही. "हां, मियां लिवलंय. खोटा काय लिवलंय? सुईत दोरो ओवतंस काय नाय?"

"ओवतंय."

"इगर्जेत वाचतंस काय नाय?"

"वाचतंय."

"मगे? माझ्या चेडवाचो झगो फाडलंस तेव्हा डोळे बरे होते, आणि सरकाराकडसून मागूक गेलंस तेव्हा आंधळी?"

बर्नादेत भांडायला आली होती. पण त्या कागदातलं एकही वाक्य तिला खोटं पाडता येईना. ती फिरली आणि पडवीची पायरी न दिसून धडपडली. मागून फिलोमिना म्हणाली, "नाटकां आता माका दाखव नको." घरी पोचेपर्यंत बर्नादेतचे कान तापलेले होते.

दुसऱ्या दिवशी ती सत्यवानकडे गेली आणि म्हणाली, "माका त्या बायेविरुद्ध अर्ज करूचो आसा."

"कर. पाच वर्सां भांडत बस. अनुदान तुका तिणां नाकारल्यान काय?" त्याने चष्मा कपाळावर ढकलला. "दाखल्यावर दहा लिवल्यान तो डॉक्टर. त्या दहांवर अपील करूक येता, कायद्यात आसा. नव्वद दिवसांची मुदत. दाखलो कधीचो?"

तिने तारीख सांगितली. त्याने बोटांवर मोजलं. अकरा दिवस उरले होते.

"मग लिवा," ती म्हणाली, "की मी गरीब, एकटी, मनगट मोडलेला, झगे शिवून जल्म काढलो..."

"गप. ह्या रडगाणा थंय कोण वाचणा नाय. त्यांनी काय तपासूक नाय, ता सांग."

या बोलण्याचा तिला राग आला. पण तिने सांगितलं. सत्यवानने अर्ज एका पानात बसवला. अक्षरं वाचण्याची तपासणी झाली. नजरेच्या विस्ताराची तपासणी नियमात असूनही झाली नाही. मशीन बंद असल्याचं कारण तोंडी सांगितलं. तेव्हा ती तपासणी करून दाखला नव्याने द्यावा. गरिबीबद्दल एक शब्द नव्हता. सही करताना तिने बोट ठेवून ओळ शोधली, तेव्हा सत्यवानने कागद तिच्यासाठी दाबून धरला. मग म्हणाला, "पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नको."

पोच द्यायला जिल्हा रुग्णालयातल्या लोकांनी तिला चार वाजेपर्यंत उभं केलं. ती खिडकीतून हलली नाही.

दोन महिन्यांनी सुनावणी लागली. ती एकटीच एसटीने तिथे गेली. खोलीत लांब मेजामागे तिघं डॉक्टर होते. मधोमध एक वयस्क बाई, डावीकडे एक टक्कल पडलेले गृहस्थ, आणि टोकाला तोच तरुण डॉक्टर, फाइल घेऊन. ही रचना बर्नादेतला एकदम दिसली नाही. तिने डावीकडून उजवीकडे एकेक तोंड गोळा केलं.

टक्कलवाल्यांनी तिच्यासमोर एक कागद धरला. "हे वाचा."

तिने घडाघडा वाचलं.

"मग तक्रार काय आहे तुमची? हे कागद तर सांगतात, तुम्ही शिलाई करता, चर्चमध्ये वाचता."

"करत होते. वाचते अजून. त्यात लपवलं काय मी? माझ्या समोरचं मला दिसतं, हे मीच पहिल्या दिवसापासून सांगतेय. तुम्ही जे दिसतं तेच पुन्हा पुन्हा तपासताय."

"आवाज खाली ठेवा."

"आवाज माझा असाच आहे."

तरुण डॉक्टर म्हणाला, "मॅडम, असे बरेच येतात. एकदा तक्ता वाचला की..."

मधल्या बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. त्या उठल्या, मेजाला वळसा घालून आल्या आणि खुर्ची ओढून बर्नादेतच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या. "एक डोळा झाका. माझ्या नाकाकडे बघा. नजर हलवायची नाही. माझं बोट दिसलं की हो म्हणा."

बाईंनी हात उजवीकडे लांब नेला आणि बोट हलवत हळूहळू आत आणू लागल्या. खांद्याशी आलं, बर्नादेत गप्प. कानाशी आलं, गप्प. गालाला लागलं, तरी गप्प. बोट नाकपुडीजवळ पोचलं तेव्हा ती म्हणाली, "हो." डावीकडून तसंच, वरून तसंच. खालून हात आला तेव्हा टक्कलवाले पुढे वाकून बघत होते. दुसऱ्या डोळ्याचंही तेच झालं.

बाई तरुण डॉक्टरला म्हणाल्या, "याला मशीन लागतं का?"

त्याने फाइलमध्ये बघितलं.

"एवढं तरी करायचं होतंत. दोन मिनिटांचं काम होतं."

बर्नादेतला वाटलं होतं, या क्षणी तिला बरं वाटेल. तिला नुसता संताप आला. ही दोन मिनिटं कोणी न दिल्यामुळे तिने जवळजवळ पाच महिने खिडक्यांमध्ये घालवले होते. ती बाईंना म्हणाली, "आभार मानायला हवेत का मी?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मशीनची तपासणी मात्र करावीच लागेल. कोल्हापूरला पाठवते."

कोल्हापूरचं मशीन म्हापशाच्या मशीनसारखंच बोललं. महिन्याभरात नवा दाखला आला. अक्षरं वाचता येत असली तरी एवढ्या अरुंद नजरेला नियमात जो आकडा आहे तोच त्यावर होता, शंभर टक्के. बर्नादेतने तो तीन वेळा नाकाजवळ धरून वाचला. आपण आंधळे आहोत, हे सरकारने कबूल केलं म्हणून आनंद करायचा, की आता ते कागदावर आलं म्हणून हताश होऊन बसायचं, हे तिला कळेना. त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. संध्याकाळी विन्सेंटचा फोन आला तेव्हा मात्र ती म्हणाली, "जिंकलंय," आणि फोन ठेवून दिला.

अनुदानाचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. तेच फोटो, त्याच झेरॉक्स, तीच खिडकी. या वेळी मंजूर झाला. मागचे महिने मिळणार नाहीत, असं कारकुनाने तोंड वर न करता सांगितलं.

गोष्ट वाडीत पसरली. एका रविवारी मिस्सा सुटल्यावर इगर्जीच्या पायऱ्यांवर फिलोमिना आडवी आली.

"माका म्हायत नव्हता गो."

"इचारलंस कधी?"

"तू तरी सांगलंस कधी? तुझ्या डोळ्यांचा सांगलं असतंस तर मी चेडवाचो झगो तुका दिलंय असतंय काय?"

माफी कोणीच मागितली नाही. मग फिलोमिना डावीकडच्या वाटेने गेली आणि बर्नादेत कठड्याला हात धरून सरळ खाली उतरली. पुढच्या रविवारपासून त्या एकमेकींना ओळख दाखवतात, पण बोलत नाहीत.

बर्नादेतचं कचेरीत जाणं मात्र थांबलेलं नाही. जुन्या नामंजुरीतली ती ओळ, 'अर्जदाराने शासनाची दिशाभूल केली आहे', अजून तिच्या फाइलमध्ये आहे. ती खोडावी म्हणून तिने नवा अर्ज दिलाय. सत्यवानने तो टाइप करताना पैसे घेतले नाहीत, पण कुरकुर केली. "गावला मा सगळा? आता ह्या कित्याक?"

कारकूनही तेच विचारतो, जरा वेगळ्या शब्दांत. "बाई, अनुदान चालू झालं ना? जुना शेरा कोण वाचतोय?"

"मी वाचते," ती म्हणते. "तुम्हीच म्हणाला होतात, वाचता येतंय म्हणून."

अर्ज 'वरिष्ठांकडे सादर' आहे. ती दर मंगळवारी सकाळच्या एसटीने जाते, खिडकीशी उभी राहते आणि पोच दाखवून विचारते. तिला लांबून येताना पाहिलं की कारकून चहाला उठतो, हे तिला दिसत नाही. पण खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मग ती बाकावर जाऊन बसते आणि तो परत येईपर्यंत थांबते.