ओढ्यावर आणलेली जड काठी

ये दिवाकर, असा जवळ बस. इथून आपल्या सिंदी गावापर्यंत माझा हात पोचत नाई, म्हणून तुझा कान कागदावरच धरते. साठी ओलांडली तू, नातवंडं खेळवतोस, पण तुले रागवणारं या मोठ्या बहिणीशिवाय आता कोणी उरलं नाई. तेव्हा उठून जाऊ नको. आपले जे लोक पुण्याकडं गेले अन् जे वावरातच राह्यले, त्यांनी बी वाचलं तरी चालते. मले काही लपवायचं नाई.

मी निघाली त्या सकाळी तू स्टेशनावर आलता. पेटी उचलाले नाई, बोलाले आलता. तुझे भाटवे, माझे मालक, वारल्यावर दोन वर्षं मी एकटीनं वांगी अन् हिरव्या सांभाराच्या जुड्या काढून बाजारात नेल्या. मंग गुडघ्यांनी नाई म्हटलं. माझी एकुलती एक लेक, सुनंदा, हिमाचलात नर्स, तिकडच्याच पहाडी पोराशी लग्न केलेली. ती म्हणे, आई, आता तू ये. अन् तू प्लॅटफॉर्मवर, माझ्यासंगं वर्षानुवर्षं बाजारात बसलेल्या बायांच्या देखत म्हणाला, "लेकीच्या घरी भाकर तोडाले चालली का? बापाची तरी लाज ठेव." गाडी हलली तरी मी तुझ्याकडं पाह्यलं नाई. त्या बायांनी खाली घातलेल्या माना मात्र पाह्यल्या.

बापाची लाज म्हणे. बाप आपल्या दोघाले नाल्याच्या डोहावर नेत होता ते आठवते का? कणकेच्या गोळ्या आई मळून द्यायची अन् वरून बडबडायची, की पोरीच्या हातात गळ देता, उद्या सासरी काय सांगान. बाप हसायचा. मले म्हणायचा, "हात हलका ठेव, बाई." तुले बी तेच सांगायचा. तू गळाले शिसं बांधून धप्पकन टाकायचा अन् मरळ नाई लागली का माझ्यावर डाफरायचा, तुझी सावली पडली म्हणून.

इथं घरामागं ओढा आहे. एवढासा, की जवान माणूस उडी मारून पलीकडं जाईन. पाणी बर्फाचं, काचेसारखं, त्यात ट्राउट मासा. जावई विक्रम दोन खोल्यांत गेस्ट ठेवते, ते हा मासा धराले येतात. मी बी पयल्या वर्षी मोठ्या ऐटीत कणकेची गोळी अन् शिसं घेऊन गेली. धप्प आवाज झाला अन् ओढा रिकामा. विक्रम हळूच म्हणाला, "माँजी, ये मछली कान से देखती है." मले राग आला, पण बापाचीच गोष्ट तो वेगळ्या भाषेत सांगून राह्यला होता. मंग शिकली. आता गेस्टले सामान मीच निवडून देते. स्वेटर घालून, चष्मा लावून दारात बसते अन् मोठमोठ्या सायबाची बॅग उघडून अर्धं सामान बाजूले काढते. म्हणते, ये घर पे रखो.

यात्रेले येताना इथं उतरतो म्हणाला, तवा तुले फोनवर तीनदा सांगितलं होतं. लहान ओढ्याले काठी सात फुटाची, वर झाडं असतात. काठीवर नंबर लिहिलेला असते, तो तीन पाहिजे, आठ नाई. नंबर वाढला का काठी कडक अन् दोरी जाड होते. रील मुठीत मावणारं. शिसं अजिबात नाई, इथं दोरीच फेकायची असते, अन् तिच्या टोकाले केसासारखा बारीक धागा. त्याले पिसाची माशी, ती पाण्यावर खऱ्या माशीसारखी बसली पाहिजे. गळाच्या टोकाले उलटा काटा नको, मासा ओल्या हातानं सोडून द्यायचा असते. तू हसला होता, "धरून सोडाले तिथं गेली? येडी झाली बाई."

अन् गेल्या वैशाखात देवीच्या यात्रेच्या बसमधून दोन तासासाठी उतरला, तर हातात काय? बारा फुटाची काठी. दुकानात तू ती कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी उचलून पाह्यली असशीन, गुडघ्यावर आपटली असशीन, अन् जी सगळ्यात जड ती मजबूत म्हणून घेतली असशीन. वावरात ते बरोबर आहे. आपल्याकडं हलकी वस्तू म्हणजे फसवणूक. पण तू इथं काही तोडाले आला नव्हता. पयल्याच फेकीत दोरी झाडात. दुसऱ्या फेकीत शिसं दगडावर. मंग बूट घालून ओढ्यातच उतरला, पाणी गढूळ केलं अन् मले म्हणाला, तुझ्या ओढ्यात मासाच नाई.

तिथवर मले हसू येऊन राह्यलं होतं. पुढचं तुले ठाऊक आहे, तरी लिहिते. सुनंदा ड्यूटीवरून अर्धी सुट्टी टाकून आलती. राजमा-भात रांधला होता, तुझ्यासाठी झुणकाही. तू उंबऱ्याच्या आत आला नाई. म्हणाला, लेकीच्या घरचं चालत नाई, तिले लेकरू झाल्याबिगर तर नाईच. ती बिचारी पाण्याचा गिलास घेऊन ओढ्यावर आली. मामा, निदान पाणी घे, म्हणाली. तू तिच्यासमोर खाली बसला, ओढ्यात ओंजळ बुडवली अन् घटाघटा पेला. गिलास तिच्या हातात तसाच. तोंड पुसत मले म्हणाला, "तू राह्य इथं मिंधी. मी नाई होणार."

अरे मूर्खा, ते पाणी तिच्याच घरामागून येते. गिलासातलं बी तेच होतं.

बस गेल्यावर सुनंदा रडली नाई. तिनं पाणी मटाराच्या वेलाले घातलं अन् साडी बदलून ड्यूटीवर गेली. तवापासून ती तुझं नाव काढत नाई. तिच्या लग्नात मामा उभा राह्यला नाई ते तिनं गिळलं होतं. हे तिले गिळता येऊन नाई राह्यलं. अन् लेकराचं म्हणशीन, तर तिचं दोनदा राह्यलं अन् गेलं. तुले कोणी सांगितलं नाई, कारण तू विचारलं नाई.

तुझी काठी इथंच सोडून गेलता. मी तिच्यावर वाल चढवला आहे. चांगला चढला.

गावातल्या बाया फोनवर विचारतात, बाई, घरची आठवण येते का. येते ना. कापसाच्या गाड्यांचा धुरळा आठवते, बाजारातली माझी जागा आठवते. पण जिथं ड्यूटीवरून थकून आलेली लेक न विचारता माझे गुडघे चोळते, त्याले मी परघर म्हणू? मी मिंधी नाई. मी इथली आहे, अन् तुझी बहीण बी आहे. या दोन्ही गोष्टी तुले एकाच दारातून आत येऊन पाहा लागन.

मार्गशीर्षापासून इथं मासेमारी बंद असते, फागुनानंतर उघडते. तवा येजो. बसवाल्यांसंगं नको, एकटा, चार दिवस काढून. सामान काहीच आणू नको, तीन नंबरची काठी मी देईन. माझ्यासाठी येऊन राह्यलो असं सुनंदाले सांगू नको, तिच्यासाठी आलो म्हणजो. अन् घरून शिदोरी बांधून घेऊ नको, रस्त्यात कुठं जेवू नको. उपाशी येजो.