वहिनीचे मातीचे दागिने

वहिनीच्या पहिल्या संक्रांतीचे हलव्याचे दागिने मुंग्यांनी खाल्ले, आणि त्याला कारण मी. आईने आठ दिवस शेगडीपुढे बसून तिळांवर थेंब थेंब पाक सोडून काटेरी हलवा केला होता. मग तो ओवून हार, बाजूबंद, बिंदी. म्हैसुरात हे विकत कुठलं मिळायला! मुंग्या लागू नयेत म्हणून दागिन्यांची परडी पाणी भरलेल्या परातीत पालथ्या भांड्यावर ठेवलेली असे. मी ती शेजारच्या मैत्रिणीला दाखवायला बाहेर काढली, भरपूर तोरा मिरवला आणि कोनाड्यात तशीच विसरले. दुसऱ्या सकाळी परडी काळी झालेली.

आई रागावली असती तर परवडलं असतं. ती माझ्याशी बोलेनाशीच झाली. पाच दिवसांवर संक्रांत, चामराजपुरातल्या सगळ्या मराठी बायका हळदीकुंकवाला येणार आणि नवी सून हलव्याच्या दागिन्यांवाचून पाटावर बसणार, हे तिला सोसेना. मलाही सोसेना, पण मला ते म्हणायची सोय नव्हती.

दादा महाराजांच्या पागेत नोकरीला होता, आणि वहिनी इथल्याच जुन्या शिलेदारांच्या घरातली. तिच्या मराठीत निम्मं कन्नड. मला शोधत ती परसात आली.

"अय्यो, रडतीस कशाला? दसऱ्याला गोंबेंना मातीचे दागिने करतीस की! मला कर. मी काय गोंबेपेक्षा वाईट दिसते?"

नवरात्रात आम्ही बाहुल्या मांडत असू, आणि त्यांचे दागिने करण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नसे.

कुंभारणीकडून चिकणमाती आणली, फडक्यातून गाळली, पिंजलेला कापूस घालून मळली. वहिनी मळायची, मी कळ्या वळायची. आमच्याकडची मल्लिगे, म्हणजे मोगरा, रोज डोक्यात माळलेली, त्यामुळे तिचा आकार बोटांनाच ठाऊक. तळहातावर गोळी, एक टोक ओढून निमुळतं, खाली केरसुणीच्या हिराने भोक. घाईघाईने पहिल्या कळ्या उन्हात ठेवल्या, त्या सगळ्या तडकल्या. मग शहाणपण आलं आणि पुढच्या सावलीत ओल्या फडक्याखाली वाळवल्या. कुंभारणीने आपल्या मडक्यांबरोबर त्या भाजून दिल्या. रांगोळीची पूड डिंकात कालवून आम्ही त्या रंगवल्या आणि ओवल्या. इतकी मजा मला कुठल्याच शिक्षेत आली नव्हती.

काळी चंद्रकळा नेसून वहिनी पाटावर बसली आणि अंगभर पांढऱ्या कळ्या फुलल्या. मला आनंदाने एका जागी उभं राहवेना. आईने नुसती बिंदी सरळ केली. बोलली नाही.

पण एक गोष्ट आम्ही तिघी साफ विसरलो होतो. हळदीकुंकू झालं की सगळ्यांत वडील सवाष्णीने सुनेच्या हारातला एक दाणा तोडून खायचा, अशी आमच्यात रीत. त्या दिवशी वडील होत्या समोरच्या काकू, ज्यांना साऱ्या गल्लीतल्या सुना टरकून असत. त्या उठल्या, कळी ओढून तोडली आणि तोंडात टाकली.

कट्!

काकूंनी कळी बाहेर काढून डोळ्यांजवळ धरली. "मातीची?"

आई खांबाला टेकलेली.

"हलवा मुंग्यांनी खाल्ला," मी म्हणाले. "चूक माझी. कळ्या पण मीच केल्या."

काकूंनी सगळ्या दातांवरून सावकाश जीभ फिरवून घेतली. मग कळी पदराला पुसून अंबाड्यात खोचली. "मला अशी वेणी कर. पण आधी सगळ्यांना सांग बाई, की खायची नाही म्हणून!"

हशा असा उसळला की वहिनीची बिंदी हसता हसता नाकावर आली. त्या गडबडीत तिळगुळाचं ताट घेऊन आई माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या हातावर एक लाडू ठेवला.

"खा," ती म्हणाली. "हा खरा आहे."

पाच दिवसांतलं तिचं माझ्याशी हे पहिलं बोलणं. मी लाडू तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडाने भोकाड पसरलं.