फल्ली आणि पंगत

देवाने मला शेंगदाणा वर्ज्य केला आणि जन्म मात्र वर्धा जिल्ह्यात दिला. यात त्याचा काही विचार असेल तर तो मला अजून कळलेला नाही.

आमच्याकडे शेंगदाण्याला फल्ली म्हणतात. ती पोह्यांत असते, वांग्याच्या भाजीत कूट होऊन असते, आणि एखादा पदार्थ तिच्या तावडीतून सुटलाच तर त्याला फोडणी तिच्याच तेलाची असते. उपासाच्या दिवशी तर तिचेच राज्य. घरी आई माझ्यापुरते जवसाच्या तेलात वेगळे शिजवायची, म्हणून लहानपण निभावले. पुढे पुलगावच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर झालो आणि लोकांच्या हातचे खाण्याची पाळी आली.

पहिला धडा वर्ध्याला स्टेशनजवळच्या एका हॉटेलात मिळाला. पोहे मागवले आणि मालकाला बजावले, फल्ली अजिबात नको. "नाई टाकत ना साहेब," तो म्हणाला. बशी आली, तीत खरोखरच एक दाणा नव्हता. दोनतीन घासांत ओठ जड झाले, मग गळ्याला आतून कोणी दोर आवळावा तसे झाले. लोकांनी उचलून टांग्यात घातले. तेव्हा मालक दारात उभा राहून जमलेल्या माणसांना एक वाटी दाखवत होता. तयार पोह्यांतून त्याने हाताने वेचून काढलेले दाणे तिच्यात होते. "एकही ठेवला नवता, पाहून घ्या!" तो शपथेवर सांगत होता. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला आजही शंका नाही.

डॉक्टरांनी सुई दिली. श्वास परत आल्यावर ते म्हणाले, "आज टांगा दारात होता. पुढच्या वेळी माझ्यापर्यंत पोचालच असं नाही." त्यांनी या प्रकाराचे इंग्रजी नावही सांगितले. ॲलर्जी हा शब्द आज पोराटोरांच्या तोंडी आहे. तेव्हा तो ऐकून कोणी घाबरत नसे. मुख्याध्यापक म्हणाले, रोज एकेक दाणा वाढवत न्या, सवय होईल. शेजारच्या मास्तरांचे मत पडले की लग्न झाले की जाते. आजार सांगितला की आपल्याकडे औषध मिळते, सल्ला मिळतो, चुलत्याच्या साडूची हकीकत मिळते. फक्त विश्वास तेवढा मिळत नाही.

अशात आमच्या शाळेत विज्ञानाची खोली उघडायचे ठरले. शाळा समितीचे अध्यक्ष शेजारच्या नाचणगावचे मोठे शेतकरी होते. उद्घाटनानंतर सर्व शिक्षकांना दुपारचे जेवण त्यांच्या घरी होते. न जाणे म्हणजे अध्यक्षांचा अपमान, आणि जाणे म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेली पुढची वेळ. मी आदल्या दिवशीच जाऊन त्यांना सगळे नीट सांगितले. गळा, सुई, टांगा, काहीही गाळले नाही.

ते मोठ्याने हसले. "तुम्ही विज्ञानाचे मास्तर ना? मंग असे भेऊन काऊन राह्यले? बाजारची फल्ली बाधते, मास्तर. आपली घरची आहे, वावरातली. तेलही आपल्याच घाण्याचं."

विज्ञानाचा मास्तर नमस्कार करून घरी परतला.

दुसऱ्या दिवशी खोली उघडली. तीत एक लोहचुंबक, दोन काचनळ्या आणि बाटलीतला विंचू होता. अध्यक्षांनी भोळ्या समजुतींवर भाषण केले. देश आता प्रयोगाने चालणार, पोथीने नाही, असे ते म्हणाले तेव्हा मुख्याध्यापकांनी टाळ्यांची सुरुवात केली. मग आम्ही सारे नाचणगावला जेवायला गेलो.

पाने मांडलेली होती. भात, मीठ आणि लिंबू एवढ्यावर वेळ मारून नेऊ, असा माझा बेत होता. पण आमच्या भागात पाहुण्याचे पान रिकामे दिसले तर यजमानाला घास गोड लागत नाही. अध्यक्ष स्वतः वांग्याची भाजी घेऊन आले. भाजीवर तेलाचा बोटभर तवंग होता.

"नको, साहेब. काल बोललो होतो मी."

"अजी, ते काल. आज माझ्या हातानं एक घास!"

त्यांनी भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला आणि माझ्या तोंडाशी आणला. मी दोन्ही हातांनी तोंड झाकले. साऱ्या पंगतीने माना वळवल्या. अध्यक्षांचा हात तसाच हवेत, घासातून तेल ठिबकते आहे. "आमच्या घरचं चालत नाई का मास्तरले?" ते म्हणाले, आणि या वेळी हसले नाहीत. मुख्याध्यापक माझ्या कानाशी पुटपुटले, "घ्या हो, एका घासानं कोणी मरत नाही."

मरतो, हे मी कोणाला सांगणार होतो?

तेवढ्यात सैपाकघराच्या दारातून अध्यक्षांच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला. "काऊन रे बाबू, काशीले सोडली का तू फल्ली?"

काशीला गेलेला माणूस तिथे एखादा आवडता पदार्थ सोडून येतो आणि जन्मभर त्याला शिवत नाही. मी नागपूरच्या पलीकडे कधी गेलो नव्हतो.

"हो, माय," मी म्हणालो.

"अन् हा त्याच्या तोंडात कोंबून राह्यला!" म्हातारी मुलावर कडाडली. "सोडलेलं खाऊ घालशीन तर पाप तुलेच लागन! हो बाजूले!"

मग जे झाले ते मी कोणत्याही दवाखान्यात पाहिलेले नाही. माझे पान उचलले गेले, जागा पुसली गेली, नवे पान आले. म्हातारीने हात धुतले. फोडणी न घातलेले वरण निराळ्या भांड्यात निघाले. पुरणपोळीला तेलाचा हात लागलेला होता, म्हणून धुतलेल्या तव्यावर तुपावर नवी झाली. "त्या पळीले हात लावू नका कोणी!" ती सुनांवर ओरडली. एका वाढप्याने चटणीचे पातेले माझ्या पानावरून नेले, त्याला तिने दारापर्यंत हाकलले.

अध्यक्षांनी घास स्वतःच खाऊन टाकला आणि माझ्यापुढे हात जोडले. "मास्तर, हे कालच सांगाले काय झालं होतं? उगाच गळा अन् सुई सांगत बसले." मग पंगतीकडे वळून ते अभिमानाने म्हणाले, "असा नेम पाहिजे माणसाचा!" ज्यांनी तासापूर्वी प्रयोगासाठी टाळ्या वाजवल्या होत्या त्या साऱ्यांनी माना डोलावल्या.

मुख्याध्यापकांना घरी रोज कारल्याची भाजी मिळे. ते हळूच म्हणाले, "कारलं सोडता येतं का हो तिथं?"

माझा पहिला घास तोंडात होता. तो जिभेवर धरून मी वाट पाहत होतो. ओठ चाचपले. आवंढा गिळून पाहिला. गळा मोकळा होता. दुसरा घास घेतला, पुन्हा थांबलो. काही झाले नाही. म्हातारी पळी घेऊन माझ्या पानाशी उभी होती आणि दुसऱ्या कोणाला जवळ फिरकू देत नव्हती.

"माय," मी म्हणालो, "आणखी वरण वाढा."