वाटून घेतलेल्या महालक्ष्म्या

माझं तोंड वाईट. हे मी विनयानं सांगत नाही, सिंदी मेघेत कोणालाही विचारा. माहेरी आई म्हणायची, या पोरीच्या जिभेला हाड नाही, सासरी गेल्यावर कळेल. कळलं खरं, पण ते सासरच्यांना! आज लिहायला बसले आहे ते याच तोंडानं केलेल्या एका पापाबद्दल, आणि त्यातून मला हाताला धरून बाहेर काढणाऱ्या कृपेबद्दल. ती कृपा होती की नुसता योगायोग, हे माझं मलाच ठरवता आलेलं नाही. जे घडलं ते तसंच्या तसं सांगते.

आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसत. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, सासऱ्यांच्याही आजीच्या वेळचे दोन पितळी मुखवटे. कोठ्यांच्या धडांना लुगडी नेसवून वर मुखवटे चढवायचे, तीन दिवस त्यांचं कोडकौतुक करायचं. हे सगळं करणाऱ्या आम्ही दोघी जावा, मी आणि गोदी. गोदी चौदाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा तिला वेणीसुद्धा धड घालता येत नव्हती. वीज कडाडली की माझ्या अंथरुणात शिरायची. तिला कुंकू रेखायला, पुरण वाटायला, सासूबाईंना चुकवून झोप काढायला मीच शिकवलं. तिच्यावर माझा जीव होता हो, खोटं कशाला बोलू?

एका वर्षी पूजेच्या दिवशी ज्वारीची आंबील शिजत होती. गोदीला पाचवा महिना, सकाळपासून पोटात काही नाही. नैवेद्य दाखवायच्या आधीच तिनं बोटभर आंबील तोंडात टाकली. मी पाहिलं. तिनं जीभ चावली, माझ्याकडे बघून हसली, आणि मीही हसले. पुढे नवरात्रात माझी पाच वर्षांची लेक तापानं फणफणली आणि आठ दिवसांत गेली. तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असताना मी गोदीकडे बोट दाखवून म्हणाले, "इनं देवीचा निवद उष्टा केला. इच्या जिभेनं माही पोर खाल्ली."

गोदी पोटावर हात ठेवून भिंतीला टेकून उभी राहिली. महिनाभरात दिरांनी वेगळं व्हायचं ठरवलं, आष्टीच्या पलीकडे तिच्या माहेरच्या गावी जायचं म्हणाले. भांडी वाटली जात होती तेव्हा मीच म्हणाले, महालक्ष्म्याही वाटा. म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. बहिणी-बहिणींची कोणी ताटातूट करतं का? पण माझ्यापुढे बोलणार कोण! ज्येष्ठा मी ठेवून घेतली. कनिष्ठेला पदरात गुंडाळून गोदी बैलगाडीत बसली आणि वळणापर्यंत मागं वळून बघत राहिली. मी अर्ध्या लोटलेल्या दाराआडून पाहत होते, पण बाहेर गेले नाही.

सात वर्षं गेली. एकटी देवी मांडता येत नाही. भटजी म्हणाले, दुसरी घडवून घ्या. माझा हातच पुढे होईना. दर भाद्रपदात मुखवटा चिंचेनं घासायचा आणि पुन्हा पेटीत ठेवायचा, एवढंच उरलं. पुन्हा कूस उजवली नाही, देवीचा कोप. गाय घसरून पडली, देवीचा कोप. पावसाळ्यात भिंत खचली, तोही कोपच. माझी नजरच तशी झाली होती, चांगलं काही दिसायचंच नाही. दुसऱ्यांच्या अंगणातून महालक्ष्म्यांची आरती ऐकू आली की मी कानात बोटं घालून चुलीपुढे बसायची.

छप्पन साली नागपूरचं राज्य मोडून आपण मुंबईच्या राज्यात गेलो, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला विषमज्वर झाला. त्यातून उठले तेव्हा आमचे हे म्हणाले, "तापात तू कोनाले हाका मारत होती, ठाऊक हाय? गोदे पानी दे, गोदे खिडकी लाव. रात्रंदिवस गोदी." मला वाटलं होतं मी लेकीला हाका मारत असेन. मी भिंतीकडे तोंड केलं आणि पोटभर रडले. मग म्हणाले, मले तिच्याकडे घेऊन चला. ते शांत माणूस, आवाज न चढवता म्हणाले, "वाटणी तू मागतली. जोडाले बी तूच जाय."

तर भाद्रपदात, आवाहनाच्या आदल्या दिवशी, मुखवटा खणात गुंडाळून त्याचं गाठोडं मांडीवर घेऊन निघाले. पुलगावहून आर्वीची छोटी आगगाडी, रात्री धर्मशाळा, सकाळी आष्टीची मोटार. मोटार वाटेत दोनदा बंद पडली. आष्टीपासून गाव पायी दोन कोस, वरून पावसाची झड. निम्म्या वाटेवर नाला लागला तर तो दोन्ही थड्या भरून वाहत होता. माझं मन कशाला गप्प बसतंय! म्हणालं, बघ, मोटार बंद पडली, आता नाला आडवा आला. देवीलाच तू नको आहेस. मी दगडावर बसले, गाठोडं उराशी धरलं आणि म्हणाले, "माय, एवढा राग? मंग जातो मी वापस." उठले आणि खरोखरच पाठ फिरवली.

समोरून एक गोंड बाई येत होती. डोक्यावर पोत्याची खोळ, त्यावर पळसाच्या पत्रावळींचा भलामोठा भारा. मला पाहून थबकली.

"काऊन वं माय, वापस काऊन चालली?"

"नाला भरला बाई."

"थो रोजच भरते. वरच्या अंगाले खडक हाय, चाल माह्यासंगं. कोनाच्या घरी जातं?"

मी दिरांचं नाव सांगितलं. तिचा चेहरा उजळला. "त्याइच्याच घरच्या हायेत ह्या पत्रावया! चांगली हाय थे बाई. पन एक गंमत सांगू? थे दोन लक्ष्म्या मांडते, अन् एकीले तोंडच नाई. लुगडं नेसवते, बांगड्या भरते, पान वाढते, पन वरतं नुसता तांब्या. म्या इचारलं, काऊन वं असं? तं म्हने, तोंड आमच्या मोठ्या बाईजवळ हाय. थ्या घेऊन येतीन."

मी ऐकत उभी राहिले. पाऊस तोंडावर येत होता ते बरं झालं.

खडकाजवळ आलो तर पाणी तिथंही मांडीभर. ती म्हणाली, "दे थे गाठोडं. तुले एका हातानं जमाचं नाई." माझी सोवळ्यातली देवी! सात वर्षं मी तिला घरात दुसऱ्या कोणाला शिवू दिलं नव्हतं. पण गाठोडं धरून ठेवलं असतं तर मी त्याच काठावर राहिले असते. मी ते तिच्या हातात दिलं. तिनं ते पत्रावळींच्या भाऱ्यावर ठेवून दोरीनं आवळलं आणि मला म्हणाली, "खाली पाहू नको. माह्या पाठीकडं पाह्य." तिचा हात खरबरीत आणि ऊन होता. पाण्यानं पाय ओढत होते, माझ्या हाती काही नव्हतं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कशाची भीती वाटली नाही.

गावात शिरल्यावर तिनं गाठोडं माझ्या हाती दिलं आणि भारा घेऊन मागच्या दाराला गेली. मी पुढच्या दारात उभी राहिले. गोदी ओसरीत रांगोळी काढत होती. केसांत एखाददुसरी पांढरी बट आली होती. शेजारी सात वर्षांची एक मुलगी कुंकवाची ताटली धरून बसली होती. ही तीच, त्या वर्षी पोटात होती ती. गोदीनं मान वर केली. मला ओळखलं आणि ताडकन उभी राहिली.

"थांबा बाई! तिथंच थांबा. आत पाय टाकू नका."

मी मनात म्हटलं, बरोबर आहे, हेच माझ्या वाट्याला यायला हवं होतं. तोवर ती धावत आत गेली, ओल्या कुंकवाची वाटी घेऊन आली आणि उंबऱ्याच्या आत बसून देवीची पावलं उमटवू लागली. देवी घरात घेताना आतलीनं विचारायचं आणि आणणारीनं उत्तर द्यायचं, अशी आमच्याकडे रीत. गोदीनं विचारलं,

"महालक्ष्मी कशाच्या पायी आली?"

सोन्याच्या पायी आली, असं म्हणायचं असतं. माझ्या तोंडून ते निघेना. पोटऱ्यांपर्यंत नाल्याचा गाळ होता.

"चिखलाच्या पायी आली वं गोदे," मी म्हणाले. "पोर तापानं गेली. तुह्यामुळं नाई गेली. अन् हे मले तवाही ठाऊक होतं."

गोदीनं वाटी खाली ठेवली. पाण्याचा तांब्या जवळ ओढला. मग ओंजळीत पाणी घेऊन तिनं माझे पाय धुतले, एक पाय, मग दुसरा, आणि न बघताच म्हणाली, "मलेही ठाऊक होतं बाई, तुमाले ठाऊक हाय म्हनून. म्हनूनच तं वाट पाह्यली."

त्या संध्याकाळी दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या. पत्रावळीवालीला कुंकू लावायला मी मागच्या दारी धावले, तर ती निघून गेली होती. लोक म्हणतात, ती देवीच असणार. मी म्हणते, ती पत्रावळी विकणारी बाई होती आणि मला तेवढी पुरेशी आहे. देवीला दुसरे हात कुठले असतात?

मुखवटा मी गोदीकडेच ठेवून आले. मी तोंड असलेली देवी पेटीत कोंडली आणि तिच्या कोपाला भीत बसले. गोदी बिनतोंडाच्या देवीला सात वर्षं बांगड्या भरत राहिली. एकच दुःख दोघींच्या घरी होतं, पण तिनं त्याच्यापुढे पान वाढलं. हे मला आधी सुचलं असतं तर, असं आता म्हणत नाही. त्या माऊलीनं मला नाल्याच्या काठावरून वळवलं, यातच सगळं आलं. आता दर भाद्रपदात मी तिकडे जाते. जेवणं आटोपली की गोदी माझ्या मांडीवर डोकं टेकते, म्हणते, "बाई, वेणी घालून द्या," आणि तिचे पिकत चाललेले केस मी विंचरत बसते.