कुठल्या ओळीपासून धूसर?

दादांच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. परवा तिथून जाताना सहज आत डोकावलो. मागच्या भिंतीवर डोळे तपासायच्या तक्त्याचे खिळे अजून तसेच आहेत. दुकानातल्या मुलीने विचारलं, "आजोबा, काय हवंय?" मी एक कव्हर घेऊन घरी आलो. ते माझ्या फोनला बसत नाही. लिहिण्याची मला सवय नाही, पण त्या दिवसापासून दादा डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहितो आहे.

दादा चष्मेवाले. पुढे काउंटर आणि फ्रेमांची काचेची कपाटं, मागे एक अरुंद खोली. त्या खोलीत डोळे तपासायची उंच खुर्ची, तिच्यामागच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि समोर आरसा. खोली लांबीला कमी पडायची म्हणून तक्ता उलट्या अक्षरांत छापलेला होता. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक तो आरशातून सुलटा वाचायचं. कोपऱ्यात काच घासायचं चाक होतं, आणि ओल्या काचेच्या पिठाचा एक गार वास खोलीत कायम असायचा. त्या वासाला काय म्हणतात मला ठाऊक नाही. पुन्हा कुठे आला तर मी लगेच ओळखेन.

शनिवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली यायचं आणि आम्ही कथा लिहिणारी मंडळी वाकून आत शिरायचो. एक कंडक्टर, एक भूगोलाच्या बाई आणि मी. मी पाणीपुरवठ्यात मीटर वाचायचो, म्हणून मला सगळे 'मीटर'च म्हणत. दादा स्वतः लिहीत नसत. जागा त्यांची आणि चहा त्यांचा, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

सुरुवातीला प्रत्येकाने आपली कथा वाचायची, बाकीच्यांनी "छान, सुंदर" म्हणायचं आणि खूश होऊन घरी जायचं, असं चाललं होतं. एकदा कंडक्टरची कथा झाली, आम्ही "छान" म्हणालो, आणि दादांनी कप खाली ठेवला.

"हे काही खरं नाही," ते म्हणाले. "माझ्या खुर्चीत गिऱ्हाईक बसतं, तेव्हा मी त्याला तक्ता कसा वाटला असं विचारतो का? कुठवर दिसतं ते विचारतो. तुम्हीही तेवढंच सांगा. कुठल्या ओळीपासून धूसर झालं?"

तेव्हापासून तोच नियम झाला. ज्याची कथा त्याने त्या उंच खुर्चीत बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. कथा दुसऱ्याने वाचायची, म्हणजे लेखकाला आवाज चढवून माल खपवता येणार नाही. ते काम माझ्याकडे आलं. कोणाच्या तोंडावर काही बोलायचं म्हटलं की माझी दातखीळ बसायची, आणि वाचणाऱ्याने मत द्यायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे माझं बरं भागलं.

पहिला नंबर बाईंचा लागला. त्यांच्या कथेत समुद्र होता, वादळ होतं, होडी होती.

"वारा सुटला तिथून धूसर," कंडक्टर म्हणाला.

"अहो, वारा सुटल्याशिवाय होडी बुडणार कशी?"

"बुडू दे ना. मी किनाऱ्यावरच राहिलो."

"तुम्ही कधी समुद्र पाहिलाय तरी..."

"बाई, खुर्ची," दादा म्हणाले. बाई गप्प झाल्या, पण आरशातून कंडक्टरकडे अशा बघत होत्या, जणू तो वर्गात डबा खाताना सापडला होता. पुढच्या शनिवारी त्यांनी उसनं फेडलं. "तुमच्या नायिका शेवटच्या पानावर हटकून मरतात. एखादीला माहेरी तरी पाठवा."

कुठलं वाक्य अडलं की दादा ते दोन तऱ्हांनी म्हणायला लावायचे आणि खुर्चीतल्याला विचारायचे, "हे बरं, की हे बरं?" भिंगं बदलताना विचारायचे, अगदी त्याच सुरात.

वहिनी, म्हणजे दादांची बायको, बाहेर काउंटरवर असायच्या. नियम त्यांना लागू नव्हता. कथा कंटाळवाणी झाली की त्या स्टुलावरच झोपायच्या आणि बाहेरून घोरणं ऐकू यायचं. "वहिनींचा रिपोर्ट आला," कंडक्टर म्हणायचा. जाग्या असल्या की अर्ध्या शटरखालून वाकून येणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलायच्या. एका वकिलांना त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर सांगितलं, "हा घेऊ नका, घुबड दिसताय." वकील हसले आणि निघून गेले. दादांनी कपाळाला हात लावला. मला पहिला चष्मा लागला तेव्हा वहिनींनी मान तिरकी करून पाहिलं. "भावजी, या चष्म्यात तुम्ही आम्हाला नाही, मीटरलाच बघताय असं वाटतं." मी दुसरी फ्रेम घेतली. ती पुष्कळ वर्षं वापरली.

वहिनी आजारी पडल्या आणि फार दिवस न काढता गेल्या. शनिवार बंद पडले. काही महिन्यांनी दादांनीच निरोप पाठवला. गेलो, तर उंच खुर्चीत दादा बसले होते आणि त्यांच्या हातात कागद होते.

"तिचं लिहिलंय," ते म्हणाले. "फोटो आहेत, चेहरा दिसतो. पण ती बोलताना आठवेनाशी झालीय. रोज थोडं थोडं जातंय. सगळं जायच्या आत लिहून ठेवावं म्हटलं. तर ती यात आहे का, तेवढं सांगा."

मी वाचायला लागलो. 'ती दारातून आत येई तेव्हा घर उजळून निघे. ती शांत व सोशिक होती. तिच्या ओठांवर सदैव मंद स्मित असे.' पुढेही सगळं तसंच होतं. वाचता वाचता मला कंडक्टर दिसत होता. तो बुटांकडे बघत होता.

मी थांबलो. कंडक्टर म्हणाला, "कुठेच धूसर नाही, दादा."

"कुठेच नाही," बाई म्हणाल्या आणि पर्समध्ये रुमाल शोधू लागल्या.

दादा आरशातून आमच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मीटर, आज तू सांग."

"वाचणाऱ्याने बोलायचं नसतं, दादा."

"आज बोलायचं."

'ती यात आहे का' हा दादांचा प्रश्न कानात होता, नाहीतर मीही मान हलवून मोकळा झालो असतो. "वहिनी दारातून आत येतात, तिथून," मी म्हणालो.

"ती पहिलीच ओळ आहे."

"हो. कागदावरच्या या बाई मी कधी पाहिल्या नाहीत. शांत कुठे होत्या वहिनी?"

दादांनी हात पुढे केला. मी कागद दिले. त्यांनी त्यांची नीट घडी घातली आणि म्हणाले, "चला, बंद करतो."

बाहेर कंडक्टर माझ्यावर घसरला. "काय अडलं होतं? दुःखातला माणूस तो. हो म्हणायला काय जात होतं?"

"तुम्ही राहू द्या," बाई त्याला म्हणाल्या. "मीही घाबरून 'कुठेच नाही' म्हटलं. ते याच्यावर कशाला ढकलताय?"

पुढच्या शनिवारी शटर पूर्ण खाली होतं. त्याच्या पुढच्यालाही. दादांच्या हाताला वहिनी लागत होत्या तेवढ्याही मी काढून घेतल्या, असं मला वाटू लागलं. त्या गल्लीतले मीटर मी मुद्दाम शेवटी ठेवत होतो. पण शेवट यायचा तो आलाच.

दादा काउंटरवर फ्रेमा पुसत होते. मी मान खाली घालून मागे गेलो, आकडा टिपला आणि वळलो, तर ते दारात उभे.

"घुबड कोणाला म्हणाली होती ती?"

"त्या वकिलांना."

"आणि तुला काय म्हणाली होती?"

मी सांगितलं. दादा हसले नाहीत. स्टूल ओढून बसले. "तिने मान कशी केली होती? दाखव."

मी दाखवली. बरोबर आली नसणार, पण दादा माझ्या मानेकडे बराच वेळ बघत राहिले. "डावीकडे," ते म्हणाले. "ती नेहमी डावीकडे करायची." मग म्हणाले, "अजून सांग."

त्या दिवशी माझे उरलेले मीटर राहिले. साहेबांची बोलणी खाल्ली. पुढच्या शनिवारी शटर अर्धं उघडं होतं आणि माझ्या निरोपावरून प्रत्येकाने वहिनींचं काहीतरी आठवून आणलं होतं. बस चुकीच्या थांब्यावर थांबली म्हणून वहिनी ड्रायव्हरला काय काय बोलल्या, ते कंडक्टरने उभं राहून करून दाखवलं. पत्त्यांत त्या कशा फसवायच्या, ते बाईंनी सांगितलं. मग दादांनाच एकेक आठवू लागलं. गिऱ्हाईक विसरून गेलेल्या चष्म्यांचा एक खण होता. दुपारी दुकान रिकामं असलं की वहिनी त्यातला एकेक नाकावर चढवून ज्याचा त्याचा आवाज काढायच्या. "हे मी विसरलो कसं," दादा म्हणत राहिले.

त्यांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा खुर्चीत बसले, पुन्हा मी वाचलं. आता वहिनी दारातून यायच्या त्या "आधी पाय पुसा" म्हणत. कंडक्टर मध्येच मोठ्याने हसला. नियमात हसणं बसत नव्हतं, पण दादांना त्याला टोकता येईना, कारण खुर्चीत तेच होते.

वाचून झालं. बाईंनी या वेळी रुमाल शोधला नाही. "शेवटच्या परिच्छेदापासून धूसर," त्या म्हणाल्या. "तिथे तुम्ही त्यांची परत देवी केलीत."

"मलाही तिथूनच," कंडक्टर म्हणाला.

दादांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ते खुर्चीतून उतरले आणि काउंटरवर कागद ठेवून पेनाने तो परिच्छेद आडवा खोडला. मग कागद माझ्याकडे सरकवला. "आता शेवट वाच."

मी वाचला. ती कथा तिथेच संपते. दुपारचं रिकामं दुकान. वहिनी कोणाचा तरी विसरलेला चष्मा लावून, मान डावीकडे करून विचारतात, "कशी दिसते? आणि खरं सांगा."